विलायतेत मेंढरं बसवताना

कन्नडचा बाजार

जमीन शिकायला कुणी विलायतेला जातं का, हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तो कन्नडच्या आठवडी बाजारातल्या दोरवाल्यानं. विचारला मला, पण बघत होता आबांकडं. आबा म्हणजे माझे वडील. ते वाघरीसाठी दोर घ्यायला आले होते. वाघूर म्हणजे रानात मुक्कामाला मेंढरांभोवती उभं करायचं जाळ्याचं कुंपण. ते दरसाली कुठं ना कुठं उसवतंच. दोरवाल्याचं पुढचं बोलणं तर फारच खोचक होतं. तुमच्या नावावर गुंठाभर रान नाही आणि पोरगी जमिनीचा कारभार शिकणार, म्हणजे टकल्यानं कंगवा घेतल्यातली गत, असं तो चारचौघांत म्हणाला.

आबांनी दोर ताणून पाहिला, खाली ठेवला आणि सावकाश बोलले.

“मालकाला त्याचं एकच वावर ठावं असतंय. आम्ही पाच तालुक्यांच्या वावरात निजलेलो हावोत. जमीन आमच्या पाठीला कळती.”

दोरवाल्यानं मान खाली घालून दोर मापून दिला. खरं सांगते, विद्यापीठाचं प्रवेशपत्र आलं तेव्हा जेवढा आनंद झाला नव्हता, तेवढा मला त्या दुकानापुढं झाला.

आम्ही धनगर. घर कन्नडच्या घाटाजवळ, पण घरात माणसं थोडीच दिवस असायची. सुगी सरली, रानं मोकळी झाली, की मेंढरं घेऊन गंगापूरच्या अंगाला, गोदावरीकाठच्या काळ्या रानात उतरायचं. पोलीस ॲक्शन होऊन निजाम गेला, त्यानंतर माझ्या आजोबांनी त्या बाजूला पहिल्यांदा मेंढरं नेली, तेव्हापासून ती रानं आणि ती माणसं ठरलेली. तिथले शेतकरी आम्हाला मेंढरं ‘बसवायला’ बोलावतात. दिवसभर मेंढरं चरतात आणि मुक्कामाला एखाद्याच्या वावरात बसतात. दुसऱ्या दिवशी वाघूर सरकवायची, म्हणजे लेंडी आणि मूत सगळ्या वावराला सारखं मिळतं. त्याबदली शेतकरी आम्हाला ज्वारी देतो, चहा-साखर देतो, वर काय ठरेल ते देतो. शेतकरी मेंढरंवाल्याला देतो, हे नीट ध्यानात ठेवा. पुढं माझं सगळं घोडं इथंच पेंड खाणार आहे.

मी आश्रमशाळेत शिकले, मग संभाजीनगरला वसतिगृहात राहून पदवी घेतली आणि सिडकोत एका मालमत्तेचे भाव ठरवणाऱ्या साहेबांकडं कामाला लागले. तिथून सरकारी शिष्यवृत्तीवर इंग्लंडच्या एका विद्यापीठात जमीन आणि मालमत्ता व्यवस्थापन शिकायला निघाले. शिष्यवृत्तीची अट साधी आणि कडक होती. वर्ष एकच. त्यात पास झालीस तर तुझी पदवी, नापास झालीस तर रिकाम्या हातानं घरी. दुसरं वर्ष नाही.

चिकलठाण्याच्या विमानतळावर आबा खांद्यावर घोंगडी टाकून आले होते. जपून राहा, वेळेवर जेव, असलं काही ते बोलले नाहीत. तिथली मेंढरं नीट बघून ये म्हणाले. लोकर कशी, खूर कसे, एका वेताला किती. मी हसले आणि आत गेल्यावर रडले. विमानाचं काही सांगत नाही, पाय सुजले एवढंच.

वेल्सच्या शिवेवर

विद्यापीठ होतं इंग्लंडच्या पश्चिम कडेला. पलीकडं वेल्सचे डोंगर सुरू होतात. गाव एवढंसं, आपल्या खुलताबादपेक्षाही लहान. पहिल्या दिवशी खिडकी उघडली आणि मी बघतच राहिले. जिकडं तिकडं गवत! रस्त्याच्या कडेला गवत, चर्चच्या आवारात गवत, उतारावर गवत, आणि त्यात कापूस सांडल्यागत मेंढरं. राखायला मात्र एक माणूस नाही. ना काठी, ना कुत्रं, ना वाघूर. मी घाबरून शेजारच्या बाईंना विचारलं, यांना लांडगा नेत नाही का? त्या म्हणाल्या, आमच्याकडचे लांडगे कित्येक शतकांपूर्वीच संपले. आमच्या घाटात लांडग्याच्या भीतीनं आबा उभ्या जन्मात सलग झोपले नसतील, आणि इथली मेंढरं बेवारशी असल्यासारखी मजेत रवंथ करत होती.

वर्गात पहिल्या दिवशी ओळख करून द्यायची होती. बहुतेक पोरं जमीनदारांच्या घरची. कुणाच्या आजोबांचं जंगल, कुणाच्या काकांची नदी. हो, नदीसुद्धा कुणाच्या तरी मालकीची असते तिथं! माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहून सांगितलं की आमच्या नावावर जमीन नाही, पण आमची मेंढरं ज्या रानात बसतात ते रान पुढच्या साली दुप्पट पिकतं. दुप्पट जरा जास्तच झालं, पण बापाची लेक आहे मी, कमी का सांगू?

माझ्या बाजूच्या खोलीत हलीमा राहायची. ती नायजेरियाच्या उत्तरेची, माझ्याच वर्गात. आम्हा दोघींची चूल एकच. पहिले काही दिवस मी पाव आणि उकडलेल्या बटाट्यांवर काढले आणि तोंडाची चव गेली. एकदा हलीमा तिच्या लोकांच्या दुकानातून पिठाची पिशवी घेऊन आली आणि पातेल्यात पीठ घाटायला लागली. वास आला, आणि मी पळत जाऊन पिठात बोट घातलं. ज्वारी! अगदी आपली ज्वारी, फक्त जरा तांबूस. तिच्याकडं त्याचा घट्ट गोळा करतात आणि भेंडीच्या कालवणात बुडवून खातात. मी त्याच पिठाची भाकरी थापली. तवा सपाट, शेगडी विजेची, पहिली भाकरी तुटली, दुसरी फुगली. हलीमा फुगलेल्या भाकरीकडं बघून टाळ्या पिटत होती. त्या दिवसापासून आमचं जमलं ते जमलंच.

उलटा हिशोब

थंडी सुरू झाली तेव्हा डॉ. कार्वर या आमच्या बाईंनी आम्हाला जवळच्या एका मोठ्या जमीनदारीवर नेलं. तिचा कारभार बघायची जेनेट नावाची बाई, चाळिशीची, चिखलाचे बूट, बोलायला तडतडीत. थंडीत वेल्सच्या डोंगरांवर बर्फ पडतं, म्हणून तिथले मेंढपाळ आपली मेंढरं खाली या जमीनदारीच्या गवतावर आणतात. आम्ही गेलो तेव्हा ह्यू नावाचा असाच एक मेंढपाळ फाटकाशी आला होता. पाऊस भुरभुरत होता. जेनेट गाडीत बसून बोलत होती, आणि तो फाटकाबाहेर टोपी हातात घेऊन उभा होता.

मला तो माणूस ओळखीचा वाटला. खोलीवर आल्यावर कळलं का ते. गंगापूरच्या बाजूला ठरावाच्या दिवशी, म्हणजे त्या सालचं देणं-घेणं ठरतं तेव्हा, शेतकरी बाजेवर बसलेला असतो आणि आबा समोर उभे असतात, असेच, पागोटं सावरत.

आम्हाला त्या जमीनदारीचा वर्षाचा जमाखर्च मांडून अहवाल द्यायचा होता. मी मन लावून लिहिला. घरं, जंगल, शेतं, सगळं बैजवार. आणि मेंढरांची बाब आली तेव्हा हात आपोआप चालला. मेंढपाळाला द्यायची रक्कम मी खर्चात लिहिली.

पुढच्या तासाला डॉ. कार्वर यांनी अहवाल वर्गापुढं धरला. त्या ओळीभोवती लाल वर्तुळ होतं. त्यांनी शांतपणे समजावलं की मेंढरं जमीनदाराचं गवत खातात, तेव्हा पैसे मेंढपाळ देतो. ही बाब जमेची, खर्चाची नव्हे. मग एक पोरगा मागून म्हणाला की सारिकाच्या, म्हणजे माझ्या, हाती कारभार दिला तर जमीनदार भिकेला लागेल. वर्ग खो खो हसला. हसली नाही ती एकटी हलीमा. माझे कान तापले. अहवाल नापास होता, आणि तो पुन्हा लिहायची संधी एकदाच मिळणार होती. त्यात चुकले तर पदवी गेली.

त्या दुपारी आबांना फोन लावला. तिकडं दिवेलागणीची वेळ होती, मागं मेंढरांचा गलका ऐकू येत होता. सगळं सांगितलं. मला वाटलं, रागावतील.

“बाई, त्यो मेंढरंवाला येडा हाय का? लेंडी बी मालकालाच, अन् वरून पैसं बी मालकालाच?”

मी हसता हसता रडले. मग ते म्हणाले, तिकडची रीत तशी असंल तर तसं लिही, पास हो आणि घरी ये. हलीमाचंही तेच म्हणणं पडलं. तिच्या गावाकडं गुरं घेऊन फिरणारे लोक येतात, शेतकरी त्यांना आपल्या रानात गुरं बांधायला बोलावतात आणि धान्य देतात, हे तिनं मला त्याच दिवशी सांगितलं. पण ती शहाणी. एक ओळ खर्चातून वर जमेत न्यायची, पास व्हायचं, मग हवं ते बोलायचं, असा तिचा सल्ला होता.

मी दोन दिवस तसंच करायचं ठरवलं होतं. हिशोब माझा चुकलेलाच होता, त्यात शंका नाही. तिथल्या बाजारात मेंढपाळच पैसे देतो. पण ती ओळ वर न्यायला हातच उठेना. आजोबा, आबा आणि आमची सगळी वाडी जन्मभर जे करत आली, ते काय उलटा हिशोब होता? मी डॉ. कार्वर यांच्याकडं गेले आणि म्हटलं, मेंढरांचं गवतावर चरणं वेगळं आणि वावरात बसणं वेगळं. बसवून दाखवते. त्यांनी चष्मा काढला.

“दाखवा. पण वसंतात तुमच्या वावरात काही दिसलं नाही, तर तुमच्याकडं द्यायला अहवालच उरणार नाही. मग मी काही करू शकणार नाही.”

बाई कडक होत्या, पण सरळ होत्या. जेनेटला फोन त्यांनीच केला.

वाघूर

जेनेटनं मला जवाच्या वावरातला एक पट्टा दिला. पीक निघालेलं, नुसती धसकटं उभी. पेरणी थंडी संपल्यावर व्हायची होती. ह्यूनं मेंढरं द्यायला आधी कुरकुर केली. दिवसा गवतावर चरलेली मेंढरं रोज संध्याकाळी हाकत वावरात आणायची कुणी, आणि जाळी रोज हलवायची कुणी? मी म्हटलं, मी. तो माझ्याकडं बघून हसला. माझी उंची पाहिलीत तर तुम्हीही हसाल.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. त्यांची वाघूर विजेची! पांढरी जाळी, मधून तार, आणि मला कुणी सांगितलं नाही, की सांगितलं ते कळलं नाही. मी आपली सवयीनं दोन्ही हातांनी जाळी घट्ट धरली आणि असा झटका बसला की “आई गं” म्हणत चिखलात बसले. ह्यूचं कुत्रं येऊन माझं तोंड चाटायला लागलं. ह्यूनं मला उठवलं आणि तेव्हापासून तो माझ्याशी नीट बोलायला लागला.

दुसरी फजिती मेंढरांनी केली. मी आबांसारखी जीभ टाळ्याला लावून हाक घातली. घाटात त्या हाकेवर आख्खा कळप वळतो. इथं एकानंही मान वर केली नाही. ती वेल्श मेंढरं, त्यांना मराठी काय कळणार? पण आठवड्याभरात ती माझ्या हाकेला मान वळवायला लागली. मी ते फोनवर आबांना सांगितलं तेव्हा आबा ज्याला त्याला सांगत सुटले की लंडनची मेंढरं आता आपल्या बोलीवर चालतात.

हातमोजे घालूनही बोटं बधिर व्हायची. चार वाजताच अंधारून यायचं. हलीमा गरम भाकरी फडक्यात बांधून द्यायची आणि मी ती बांधावर बसून लसणाच्या चटणीशी खायची. बांधावर तिथं झुडपांचं कुंपण असतं, त्याच्या आडोशाला वारा लागत नाही. ह्यू एकदा माझ्याजवळ बसला, भाकरीचा तुकडा खाल्ला, चटणी लागल्यावर डोळ्यांत पाणी आलं त्याच्या, पण दुसरा तुकडा मागितला. इतकी वर्षं तो इथं मेंढरं आणतो, पण या जमिनीवर बसून कधी काही खाल्लं नव्हतं, असं म्हणाला. मी विचारलं, का? तो म्हणाला, कुणी बस म्हणालं नव्हतं, बस्स.

थंडी सरली. ह्यूनं मेंढरं डोंगरावर परत नेली. जेनेटच्या माणसांनी सगळ्या वावरात जव पेरला, माझ्या पट्ट्यातही आणि बाजूलाही. बाजूच्या रानाला पिशवीचं खत दिलं, माझ्या पट्ट्याला काही नाही.

आणि मग काहीच दिसेना. सगळा जव सारखाच उगवला. मी रोज सायकल मारत जायची, बांधावर उभी राहायची आणि हिरमुसून परत यायची. उलट बाजूचं रान जरा उजळच वाटायला लागलं. पाऊस नव्हता. मी हलीमाला म्हटलं, बाई, बॅग भरायला घे माझी. आबांना मात्र सांगितलं नाही. त्यांनीच एकदा विचारलं, पाऊस झाला का? मी नाही म्हटलं. त्यांनी एवढंच सांगितलं की लेंडी पाण्याबिगर बोलत नाय.

पाऊस आला मे महिन्यात, तीन-चार दिवस लागून. नंतर मी गेले ती फाटकाशीच थांबले. आख्ख्या वावरात माझा पट्टा काळाभोर हिरवा उठून दिसत होता, कुणी रंगाची कड मारावी तसा. मधे वाघूर कुठं कुठं होती तेसुद्धा ओळखू येत होतं. मी तिथंच ओरडले. काय ओरडले ते लिहिण्यासारखं नाही, मराठीत होतं म्हणून निभावलं.

तोंडी परीक्षा

डॉ. कार्वर यांनी तोंडी परीक्षा त्या वावराच्या बांधावरच घेतली. बरोबर बाहेरच्या विद्यापीठाचे एक वयस्कर परीक्षक होते, जेनेट होती, आणि ह्यूला मी बोलावलं होतं. परीक्षकांनी पट्ट्यात जाऊन रोपं उपटून पाहिली, मुळं पाहिली. मग विचारलं, तुमच्या पहिल्या अहवालात जमीनदार मेंढपाळाला देतो असं का होतं? नजरचूक?

नाही म्हटलं. मग मी त्यांना आमचा शब्द सांगितला. तुमच्या भाषेत मेंढरं रानात चरतात, म्हणजे घेतात. म्हणून तुम्ही त्यांच्याकडून पैसे घेता. आमच्या भाषेत मेंढरं रानात बसवतात. आम्ही घट बसवतो, गणपती बसवतो, पंगतीला पाहुणा बसवतो, तशीच मेंढरं. ज्याला आपण बसवतो त्याला रिकाम्या हातानं उठवत नाही. गवतावर चरण्याचे पैसे ह्यूनं द्यावेत, ते मला मान्य. पण वावरात बसवण्याचं जमीनदारानं द्यावं. दोन्ही समोरासमोर मांडलं तर काय उरतं ते नव्या अहवालात आहे.

परीक्षक तो शब्द दोनदा म्हणून पाहत होते, ‘बसावणं, बसावणं.’ डॉ. कार्वर हसल्या नाहीत, पण चष्मा पुसत राहिल्या. मी पास झाले. नुसती पास नाही, त्या विषयात वर्गात सगळ्यांच्या वर. ज्या पोरानं जमीनदाराला भिकेला लावलं होतं, त्यानं माझा अहवाल वाचायला मागून नेला. का नाही सांगू? छाती फुगली होती माझी.

पण त्या दिवसाचं खरं मोल वेगळंच आहे. जेनेटनं ह्यूला विचारलं, पुढच्या थंडीत आख्ख्या वावरात बसवशील का, चराई माफ करते. आणि ते बोलायला तिनं त्याला आत नेलं. स्वयंपाकघरात, टेबलापाशी, खुर्ची ओढून दिली. ह्यू आत शिरताना बूट पुसत होता, पुसतच होता. जेनेट चहा ओतत होती तेव्हा तो मला हळूच म्हणाला, “या घराचं फाटकच मला माहीत होतं.”

गंगापूरच्या बाजूला

परत आले. कन्नडच्या दोरवाल्यानं आबांना चहा पाजला आणि दोराची गुंडाळी स्वतः खांद्यावर देऊन पोचवली, हे सांगायलाच हवं. सुगी सरल्यावर मी रजा काढून आबांबरोबर गंगापूरकडं गेले. दादाराव आमचे जुने शेतकरी. माणूस चांगला, देण्या-घेण्याला मोकळा, माझ्या शिक्षणाचं कौतुक करणारा. विहिरीजवळच्या कडुलिंबाखाली बाजेवर बसले होते. मला बघून म्हणाले, अगं ये ये, लंडनवाली, आणि घरातून माझ्यासाठी प्लास्टिकची खुर्ची मागवली.

आबा उभे होते. पागोटं सावरत, काठीवर दोन्ही हात ठेवून, मी लहानपणापासून बघितले तसेच. दादारावांनी विचारलं, काय मग दगडूबा, ह्या साली कसं करायचं? आबा नेहमीसारखं म्हणाले, तुम्हीच बोला मालक.

खुर्ची आली. मी बसले नाही.

“दादाराव, मेंढरं मागून बसतील. आधी माझ्या बापाला बसवा.”

दादारावांना आधी कळलंच नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग आबांकडं, मग त्या रिकाम्या खुर्चीकडं. आबा घाईनं म्हणायला लागले, नाय नाय, मी हाय बरा, उभं ऱ्हायाची सवं हाय. दादाराव उठले. खुर्चीला त्यांनी हातही लावला नाही. बाजेवर अंगाखाली घेतलेलं कांबळं त्यांनी झटकलं, पसरून दुसऱ्या टोकापर्यंत नेलं आणि आबांचा हात धरला.

“अरं, तुझा बाप बी उभाच ऱ्हायचा अन् माझा बाप बसलेला. आमच्या ध्यानातच नाय आलं कधी. बस, दगडूबा.”

आबा कडेला टेकले. काठी कुठं ठेवावी ते त्यांना कळेना, म्हणून मी ती घेतली. घरातून चहा आला, दोघांना एकाच ताटलीत. आबांनी कप उचलला, माझ्याकडं एकदा बघितलं आणि नीट, मागं सरकून, पाय वर घेऊन बसले.

मग मेंढरांचं बोलणं सुरू झालं. त्या साली आमचा ठराव बसून झाला.